यशवंतराव चव्हाणांचं ‘बेरजेचं राजकारण’ म्हणजे नेमकं काय?

थोडक्यात, विरोधकाला संपवण्यापेक्षा त्याला आपल्यात सामावून घेणं. पण याला नुसती फोडाफोडी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

१९५७ च्या निवडणुकीत, मुंबईसह मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. यशवंतराव तेव्हा मराठी आणि गुजराती भाग एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि मराठी माणसाचा राग त्यांच्यावरच होता. त्यांनी रागाला रागानं उत्तर दिलं नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरूंना आणलं. समितीनं वाटेत प्रचंड निदर्शनं केली. लोकांच्या मनात काय आहे, हे दिल्लीला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. शेवटी १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. श्रेय आंदोलनाचं आणि हुतात्म्यांचं आधी, यात मला शंका नाही. पण दिल्लीचं मन वळवण्यात यशवंतरावांचाही मोठा वाटा होता.

सत्ता वाटली की टिकते, हे त्यांना कळलं होतं. जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखाने यांतून गावोगावी नवं नेतृत्व उभं राहिलं. मात्र या बेरजेत भूमिहीन आणि दलित मागेच राहिले, आणि त्याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.