३२ बिट की ६४ बिट : आपल्या संगणकावर नेमकी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे?

प्रश्न : माझ्याकडे विंडोज १० असलेला एक जुना लॅपटॉप आहे. हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर त्यावर बसवायला घेतले की ‘हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. एका मित्राने लॅपटॉपवरील प्रोसेसरचा स्टिकर पाहून ‘यंत्र ६४ बिटचे आहे, सॉफ्टवेअरच सदोष असेल’ असे सांगितले. दुसऱ्याने सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डर उघडला, त्यातील ‘सिस्टीम ३२’ नावाचा फोल्डर दाखवला आणि ‘तुमची सिस्टीम ३२ बिटची आहे’ असा निर्वाळा दिला. यांपैकी कोणाचे म्हणणे खरे मानावे? रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केल्यास अडचण दूर होईल का?

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांनी दिलेल्या पुराव्यांवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असणे ही एक गोष्ट आहे आणि त्यावर बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम ६४ बिटची असणे ही दुसरी. ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटची विंडोज बिनतक्रार चालते, आणि अशी जोडी असलेले संगणक आजही वापरात आहेत. उलट, ३२ बिटच्या प्रोसेसरवर ६४ बिटची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र चालूच शकत नाही. ‘सिस्टीम ३२’ या फोल्डरविषयी सांगायचे, तर तो विंडोजच्या दोन्ही प्रकारांत असतो. ६४ बिटच्या विंडोजमध्येही हे नाव जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी तसेच ठेवलेले आहे आणि त्या फोल्डरमधील फाइली ६४ बिटच्या असतात.

खात्रीचे उत्तर एका ओळीत मिळते. स्टार्ट मेन्यूतून ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’ आणि त्यात सर्वांत खाली असलेले ‘अबाउट’ हे पान उघडावे. किंवा विंडोज चिन्हाची कळ दाबून धरून ‘पॉज’ ही कळ दाबावी. तेथे ‘सिस्टीम टाइप’ या शीर्षकासमोर स्वल्पविरामाने जोडलेल्या दोन गोष्टी दिसतील. स्वल्पविरामाच्या आधीचा भाग ऑपरेटिंग सिस्टीमविषयी असतो आणि नंतरचा प्रोसेसरविषयी. घाईत वाचणारे ‘६४’ हा आकडा कुठेतरी दिसला की समाधान मानतात, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. त्या ओळीत ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स ६४ वर आधारित प्रोसेसर’ असे लिहिलेले असेल, तर यंत्राची क्षमता ६४ बिटची आहे, पण सध्या बसवलेली विंडोज ३२ बिटची आहे, असा त्याचा अर्थ होतो. आपण वर्णन केलेली लक्षणे पाहता आपल्या लॅपटॉपवर हीच ओळ दिसण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, कारण ६४ बिटचे सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोजवर सुरू करू पाहिल्यास नेमका असाच संदेश येतो.

अशी विजोड जोडी कशी तयार होते, असा प्रश्न आपल्याला पडेल. २०१५ नंतर अनेकांनी आपल्या विंडोज ७ किंवा ८ असलेल्या संगणकांवर विंडोज १० मोफत चढवून घेतली. या पद्धतीत आधीची सिस्टीम ३२ बिटची असेल, तर नवीही ३२ बिटचीच राहते. याशिवाय कमी रॅम असलेल्या यंत्रांवर काही उत्पादक कारखान्यातूनच ३२ बिटची विंडोज बसवून देत असत.

ही तपासणी करताना ‘विनव्हर’ ही आज्ञा देण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तिने विंडोजची आवृत्ती समजते; ती ३२ बिटची की ६४ बिटची, हे समजत नाही. सेटिंग्ज उघडणे शक्य नसेल, तर सी ड्राइव्हमध्ये ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरच्या शेजारी त्याच नावापुढे कंसात ‘एक्स ८६’ लिहिलेला दुसरा फोल्डर आहे का, ते पाहावे. तो विंडोज बसवतानाच तयार होतो आणि केवळ ६४ बिटच्या विंडोजमध्ये असतो.

आता रॅमविषयी. ३२ बिटच्या सिस्टीमला स्मृतीतील प्रत्येक बाइटचा पत्ता ३२ द्विमान अंकांत, म्हणजेच ३२ बिटमध्ये, लिहावा लागतो आणि असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. म्हणजे ४ जीबी ही तिची कमाल मर्यादा होय. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यामुळे ४ जीबी रॅम असलेल्या ३२ बिटच्या विंडोजवर प्रत्यक्षात ३ ते साडेतीन जीबीच्या आसपास रॅम वापरता येते आणि ‘अबाउट’च्या पानावर तसा उल्लेखही असतो. (केवळ या उल्लेखावरून मात्र सिस्टीम ३२ बिटची ठरवू नये, ६४ बिटच्या संगणकावरही ग्राफिक्ससाठी थोडी रॅम बाजूला काढलेली असू शकते.) विंडोज १० च्या ३२ बिट प्रकारावर ८ जीबी रॅम बसवली, तरी ४ जीबीच्या पलीकडचा भाग तसाच पडून राहील आणि हिशेबाचे सॉफ्टवेअरही सुरू होणार नाही. म्हणून ती ओळ वाचल्याशिवाय रॅमवर पैसे खर्च करू नयेत, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. सॉफ्टवेअरच्या उत्पादकाकडे ३२ बिटची प्रत उपलब्ध आहे का, ही विचारणा त्याआधी करावी. ती असल्यास आपले काम आजच होईल.

प्रश्न : माझ्या संगणकावर ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स ६४ वर आधारित प्रोसेसर’ असे दिसते. आहे ती विंडोज तशीच ठेवून तिचे ६४ बिटमध्ये रूपांतर करता येईल का? सध्याचे प्रोग्रॅम आणि जुना प्रिंटर त्यानंतर चालतील का?

उत्तर : असे रूपांतर करण्याची सोय विंडोजमध्ये नाही. ६४ बिटची विंडोज नव्याने बसवावी लागते आणि त्यात प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतात. कागदपत्रे, छायाचित्रे, ईमेल आणि हिशेबाच्या फाइली यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून, ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय या कामाला हात घालू नये. परवान्याची काळजी सहसा नसते, कारण होम किंवा प्रो यांपैकी ज्या आवृत्तीचा परवाना असेल, त्या आवृत्तीच्या दोन्ही प्रकारांना तो चालतो.

३२ बिटचे बहुतेक प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतात. ड्रायव्हरचे, म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण संगणकाकडून चालवून घेणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचे, तसे नसते. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याशी जोडलेला असल्यामुळे ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, त्यामुळे जुन्या प्रिंटरच्या किंवा स्कॅनरच्या उत्पादकाने तो तयार केलेला आहे का, हे आधी पाहावे. तो नसेल आणि ते उपकरण आपल्या रोजच्या कामाचे असेल, तर बदल न केलेला बरा. विंडोज ९५ च्याही आधीच्या काळातील १६ बिटचे प्रोग्रॅम अजून कोणी वापरत असेल, तर ते ३२ बिटच्या विंडोजवर चालू शकतात, पण ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. २०१३ ते २०१५ च्या सुमारास निघालेल्या काही लहान टॅब्लेट आणि हलक्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा असला, तरी यंत्र सुरू करणारे फर्मवेअर ३२ बिटचे होते. अशा यंत्रावर ६४ बिटची विंडोज सुरू होत नाही. त्यामुळे या गटातील यंत्र असल्यास आधी उत्पादकाच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्यावी.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही विचारात घ्यायला हवे. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच आहे, आणि तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही या अटींत न बसणारे जुने संगणक बरेच आहेत. अशा संगणकासाठी एवढी खटपट करून ६४ बिटची विंडोज १० बसवण्यापेक्षा लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा ६४ बिट प्रकार बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, अर्थात आपले नित्याचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालत असेल तरच.

प्रश्न : डाउनलोडच्या पानावर एकाच सॉफ्टवेअरसमोर ‘एक्स ८६’, ‘एक्स ६४’, ‘एएमडी ६४’ आणि ‘एआरएम ६४’ असे पर्याय असतात. माझा प्रोसेसर इंटेलचा आहे आणि विंडोज ६४ बिटची आहे. मी काय निवडावे? ८६ हा आकडा मोठा असल्याने तो नवा प्रकार असावा का?

उत्तर : आपण ‘एक्स ६४’ किंवा ‘एएमडी ६४’ यांपैकी जो पर्याय दिसेल तो निवडावा, दोन्हींचा अर्थ एकच आहे. इंटेलच्या जुन्या प्रोसेसर-घराण्याचा ६४ बिटपर्यंतचा विस्तार एएमडी या कंपनीने तयार करून २००३ मध्ये बाजारात आणला आणि पुढे इंटेलनेही तो स्वीकारला. म्हणून ‘एएमडी ६४’ नावाची फाइल इंटेलच्या प्रोसेसरवर निर्धास्तपणे चालते. ‘एक्स ८६’मधील ८६ हा आकडा १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरवरून आलेला आहे आणि डाउनलोडच्या पानावर त्याचा अर्थ ३२ बिट असा घ्यायचा असतो. ‘एआरएम ६४’ हा प्रोसेसरचा निराळाच प्रकार आहे. आपल्या ‘सिस्टीम टाइप’च्या ओळीत स्वल्पविरामानंतर ‘एआरएम’ लिहिलेले असेल, तरच तो निवडावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील काही जुन्या संगणकांवर लिनक्स आहे आणि रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणकही आहे. रास्पबेरी पायवर एका आज्ञेने ६४ बिट असे उत्तर येते आणि दुसरीने ३२. असे का व्हावे? मॅकवरही हा फरक पाहावा लागतो का?

उत्तर : लिनक्समध्ये टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘यूनेम’ ही आज्ञा, पुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि लहान लिपीतील ‘एम’ असे टंकल्यास कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, प्रकार समजतो. ‘एक्स ८६’च्या पुढे ‘६४’ दिसले, तर कर्नेल ६४ बिटचे. ‘आय ६८६’ दिसले, तर ३२ बिटचे. आणि ‘ए-आर्च ६४’ दिसले, तर ते एआरएम प्रोसेसरवरचे ६४ बिटचे कर्नेल असते. प्रोसेसरची क्षमता ‘एल-एस-सीपीयू’ या आज्ञेने कळते. तिच्या उत्तरात ३२ आणि ६४ हे दोन्ही आकडे दिसले, तर प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या रास्पबेरी पायवर दोन्ही उत्तरे खरी आहेत. लिनक्समध्ये कर्नेल ६४ बिटचे आणि त्यावरील सगळे प्रोग्रॅम ३२ बिटचे, अशी रचना करता येते आणि रास्पबेरी पायच्या ३२ बिट प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती आढळते. ‘यूनेम’ कर्नेलविषयी सांगते, तर ‘गेटकॉन्फ’ ही आज्ञा ‘लाँग बिट’ या नावासह दिल्यास प्रोग्रॅम ज्या वातावरणात चालतात त्याविषयी सांगते. सॉफ्टवेअर निवडताना दुसरे उत्तर ग्राह्य मानावे. वाचनालयातील एखाद्या संगणकाचा प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा निघाला, तर नवी लिनक्स निवडताना पर्याय मोजकेच राहतील, कारण डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा पीसीसाठीचे इन्स्टॉलर देणे बंद झाले आहे.

मॅकवर ३२ आणि ६४ बिटचा प्रश्न आता उरलेला नाही. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालणे थांबले. तेथे पाहायचे ते प्रोसेसर इंटेलचा आहे की २०२० पासून येऊ लागलेली अ‍ॅपलची स्वतःची चिप आहे, हे. डाव्या कोपऱ्यातील अ‍ॅपलच्या चिन्हावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडल्यावर ‘चिप’ या शब्दापुढे अ‍ॅपल एम १ किंवा त्यापुढचे नाव दिसल्यास सॉफ्टवेअरची ‘अ‍ॅपल सिलिकॉन’साठीची प्रत घ्यावी, आणि इंटेलचे नाव दिसल्यास इंटेलची.