छापलेला कोर, जुलै महिना आणि पॅटर्न नंबरचा रकाना

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. जुन्या पंपाची बॉडी, ड्रॉइंग नाही, मूळ कंपनी बंद. म्हणून तुकडे जोडून स्कॅन केलं, वाळूचा साचा आणि कोर (ओतीव भागातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) थ्रीडी प्रिंट करून घेतले. कास्टिंग वरून छान आलं आणि लेथवर पहिला कट घेताच आत भोकं. आता प्रिंटवाले फाउंड्रीकडे बोट दाखवतात, फाउंड्री प्रिंटवाल्यांकडे. सहा वर्षांपूर्वी आमच्या भांडुपच्या शेडमध्ये हेच घडलं, जवळजवळ याच क्रमाने.

श्रिंकेज (धातू थंड होताना आकसणं), मशिनिंग अलाउन्स (कापायला ठेवलेली जादा जाडी) वगैरे तुम्ही धरलंच असेल, त्यात जात नाही. आधी भोकाची भिंत बघा. गुळगुळीत, चकचकीत, गोलसर असेल आणि ओतताना वर असलेल्या बाजूला सालीखाली असेल, तर तो गॅस. खरबरीत असेल, फांद्या फुटल्यासारखे दाणे दिसत असतील आणि भोक जाड भागात असेल, तर ते श्रिंकेज, म्हणजे आकसताना धातू कमी पडून झालेली पोकळी. मग माझं पुढचं सगळं सोडा आणि रायझरकडे (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याकडे) बघा. तुमच्या फोटोत मला चकाकी दिसते आहे, पण फोटोवरून छातीठोक सांगत नाही.

आमचे कोर जूनच्या शेवटी आले, एक वापरायचा आणि एक स्पेअर. आठवड्याभरात ओतले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण ज्यांचा पंप होता, त्यांच्या तपासणी विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ओतायचं नाही, अशी अट होती. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता: पॅटर्नचा, म्हणजे ज्याभोवती वाळू भरून साचा करतात त्या नमुन्याचा, नंबर आणि पॅटर्न तपासल्याची तारीख. आम्ही सांगितलं, साहेब, यात पॅटर्न नसतोच, फाइलवरून थेट वाळूत छापतात. उत्तर आलं, ‘नंबर टाका, मग बघू.’ मी प्रिंटच्या थरांचे फोटो नेले, स्कॅनचे कागद नेले. एकदा संबंधित साहेब रजेवर, एकदा फाइल दुसऱ्या टेबलावर. तेविसाव्या दिवशी त्याच रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहून सही झाली. हे दोन शब्द पहिल्या दिवशी लिहिता आले असते. त्या विभागाबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

तेवीस दिवस कोर भांडुपच्या शेडमध्ये, तेही जुलैत. फ्युरानच्या (वाळू बांधणाऱ्या एका रेझिनच्या) प्रिंटमध्ये वाळूत आधीच आम्ल मिसळलेलं असतं. साधारण 0.3 मिलिमीटरचा एकेक थर पसरतो आणि हेड त्यावर रेझिनचे थेंब टाकतं. रेझिन आवळताना स्वतःच पाणी सोडतं, आणि उरलेलं आम्ल हवेतली ओल धरून ठेवतं. कोरड्या गावात हे कदाचित जाणवणारही नाही. मुंबईच्या पावसाळ्यात कोर नुसता ठेवला तरी पाणी पितो.

खरी चूक मात्र माझी, आणि ती वसईच्या फाउंड्रीत झाली. तिथल्या वयस्कर मोल्डरने कोरच्या पातळ कडेवरून अंगठा फिरवला. बोटाला वाळू आली, पिठासारखी. ते म्हणाले, ‘साहेब, कड सुटतेय, आज नको.’ मी म्हटलं, वॉश (कोरवर द्यायचा पातळ लेप) मारा, कड धरेल. फाउंड्रीत होता पाण्यातला वॉश. तो मारला, वरून गॅसच्या ज्योतीने पांढरा पडेपर्यंत सुकवला आणि बंद केला साचा. म्हणजे ओल घेतलेल्या कोरला मी आणखी पाणी पाजलं आणि वरची साल तेवढी सुकवली. ओतताना वेंटमधून (वाफ-वायू निघायच्या वाटेतून) फुसफुस झाली, रायझरमध्ये बुडबुडे आले, तेव्हाच समजलं.

नंतर स्पेअर कोर वजनाला टाकला. चलनावर 14.200 किलो, काट्यावर 14.260. साठ ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं. पण एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशाला साधारण 1.7 लिटर वाफ होते. साठ ग्रॅमची शंभर लिटर. ती कोर प्रिंटमधल्या (कोरच्या साच्यात बसणाऱ्या टोकातल्या) वेंटमधून वेळेत निघाली नाही, तर धातूत शिरते.

म्हणून माझं मत, आणि यावर मी ठाम आहे: कोर आला की त्याच दिवशी वजन करा आणि कोर प्रिंटवर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवा. ओतायच्या दिवशी पुन्हा वजन करा. वाढलं असेल तर ओव्हनमध्ये 110 अंशाच्या आसपास ठेवून मूळ वजनावर येईपर्यंत सुकवा, मग वॉश. वॉश स्पिरिटचा मिळाला तर उत्तम, पाण्याचा असेल तर त्यानंतर पुन्हा ओव्हन. स्पेअर कोर आम्ही असाच सुकवून ओतला, भोकं आली नाहीत. तुमच्या प्रिंटवाल्यांचं बाइंडर (वाळू बांधणारं रेझिन) फ्युरानऐवजी फिनॉलिक असेल, तर तापमान त्यांनाच विचारा. माझा अनुभव ग्रे कास्ट आयर्नचा आहे. एसजी आयर्न (गोलसर ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) असेल तर आम्लातल्या गंधकामुळे कास्टिंगच्या सालीत ग्रॅफाइट बिघडतं, तो वेगळा विषय. अ‍ॅल्युमिनियममध्ये ओलीतून हायड्रोजन शिरतो.

अजून दोन गोष्टी, विचारल्या नाहीत तरी. पुढच्या वेळी सगळा साचा छापू नका. बाहेरच्या पेट्या लाकडी पॅटर्नवर हाताने भरा, फक्त आतला वळणाचा कोर छापा. पैसे तिथेच वसूल होतात. आणि वळणात अडकलेली सुटी वाळू हवा मारून निघाली असं गृहीत धरू नका. मोबाइलला लागणारा वायरवाला कॅमेरा आत घालून बघा.

भांडणाचं म्हणाल, तर दोघांशी बोलण्याआधी कोरचा उरलेला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. कुठल्याही फाउंड्री लॅबमध्ये तो आधी सुकवून वजन घेतात, मग जाळून. पहिली घट ओलीची, दुसरी बाइंडरची. बाइंडर प्रिंटवाल्यांच्या कागदावर लिहिल्यापेक्षा बराच जास्त निघाला, तर त्यांना जाब विचारा. नाहीतर कोर कुठे, किती दिवस पडून होता, त्याच्या तारखा आणि चलनावरचं वजन इथे टाका, मी बघतो.