ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साताऱ्याचा सीन केलाय, पण तो खेळण्यातल्या गावासारखा का दिसत नाही?

कॅमेऱ्याचा एफ-स्टॉप (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) २.८ ठेवलाय ना? तिथंच घोळ आहे. सीन खऱ्या मापात, मीटरमध्ये असेल तर ५० मिमी लेन्सचं छिद्र जेमतेम १८ मिमीचं होतं; अजिंक्यताऱ्यावरून खालचं गाव सगळंच स्पष्ट दिसणार, आणि खेळण्यासारखं दिसायला तर पुढचं-मागचं पुसट हवं. एफ-स्टॉप थेट ०.०१ करा. छिद्र पाच मीटरचं! खऱ्या कॅमेऱ्यात अशक्य, इथं फुकट. फोकस राजवाड्यावर धरा, कॅमेरा वरून तिरका.

नंतर फोटोवर वरखाली ब्लरचे पट्टे मारू नका. राजवाडा स्पष्ट आणि शेजारच्या झाडाचा शेंडा पुसट, अशी चोरी लगेच पकडली जाते. रेंडर (अंतिम चित्र काढणं) जड जात असेल तर डेप्थ पास, म्हणजे प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, काढून कंपोझिटरमध्ये (ब्लेंडरमधलं चित्रावर नंतर काम करायचं ठिकाण) अंतरानुसार पुसट करणारा डीफोकस नोड लावा, कडा थोड्या बिघडतील. रंग जरा भडक करा, जत्रेतल्या खेळण्यांसारखे.