43,000 सुटतात कुठे?

पत्र: घणसोलीला राहतो, वय 39, ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर. नोकरी सोडून भिवंडीच्या एका गोदामाला सीझनचे चार महिने 20 अनुभवी ड्रायव्हर पुरवणार आहे. पगार प्रत्येकी 24,000, त्यावर मला 9 टक्के सर्व्हिस चार्ज, पेमेंट बिलानंतर 60 दिवसांनी. भांडवल 4 लाख. महिन्याला सुटणारे 43,000 एसआयपीत टाकू, की बँकेतल्या मॅडम सांगतात तो वर्षाला 2 लाखांचा, 12 हप्त्यांचा गॅरंटीड प्लॅन घेऊ?

उत्तर: काम चार महिन्यांचं, हप्ता बारा वर्षांचा! मॅडमचं टार्गेट मॅडमना लखलाभ. एसआयपीचंही राहू द्या, कारण 43,000 सुटतच नाहीत.

मालकाच्या वाट्याचा पीएफ कोण भरणार? तुमच्या हिशोबात तो नाहीच. अनुभवी ड्रायव्हरचा यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) बहुधा आधीपासून असतो, म्हणजे तो पीएफचा जुना सभासद; त्यामुळे पगार 15,000 च्या वर आहे म्हणून पीएफ नको, ही पळवाट चालत नाही. पीएफ किमान 15,000 रुपयांवर धरा: त्याचे 13 टक्के म्हणजे माणशी 1,950, वीस जणांचे 39,000. उरले 4,000. त्यातूनच कामगार भरपाईचा विमा (24,000 पगाराला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नाही) आणि कुणी दांडी मारली की बदली ड्रायव्हर.

आता रोकड बघा. ऑगस्टचं बिल 1 सप्टेंबरला गेलं, तर पैसे ऑक्टोबरअखेर. तोवर दोन पगार होतात, पीएफसकट प्रत्येकी 5.2 लाख. शिवाय दर बिलावर 18 टक्के, म्हणजे 94,000 जीएसटी. तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. ऑक्टोबरअखेरपर्यंत एका बिलाचा जीएसटी धरून बेरीज सुमारे 11.3 लाख. तुमचे 4 लाख पहिल्या पगारालाही पुरत नाहीत, आणि पगार लांबला की ड्रायव्हर तुर्भ्याला दुसरी गाडी धरतो.

नोकरी सोडू नका. पाच ड्रायव्हरांपासून सुरुवात करा: महिन्याला 1.3 लाख गुंततील, दोन महिन्यांचे 2.6 लाख. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नोंदणीही लागणार नाही. करार करताना पीएफ आणि विमा सर्व्हिस चार्जबाहेर, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे लावा. सहीआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती फुकट होते; मग कायद्याने पार्टीला 45 दिवसांपलीकडे पेमेंट लांबवता येत नाही. मालाच्या तुटीपोटी बिलातून किती कापणार, त्याची कमाल रक्कमही लिहून घ्या.

लायसन्स परिवहनच्या साइटवर स्वतः तपासा, झेरॉक्सवर जाऊ नका. साडेसात टनांपर्यंत ग्रॉस वजनाच्या गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. त्यावरच्या गाडीला ट्रान्सपोर्टचंच लायसन्स हवं, नाहीतर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.