15 ऑगस्टला जोडून सुट्टी, बुकिंग काहीच नाही, पुण्याहून लेणी आणि डोंगर दोन्ही बघायचेत. कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की शुक्र-शनि-रवि मोकळे आहेत, कुठलंच हॉटेल मिळत नाहीये, सोबत सत्तरीची आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे आणि लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये सुट्टी घालवायची नाहीये. मग डोकं न खाजवता जुन्नर गाठा. आम्ही गेल्या वर्षी याच वीकेंडला असेच गेलो होतो, गुरुवारी रात्री जेवताना विषय निघाला आणि पहाटे गाडीत बसलो पण, आई, बायको, पोरगा आणि ऐनवेळी टपकलेला मेहुणा.

लोक जुन्नर म्हटलं की शिवनेरी आणि लेण्याद्री एवढं करून परत येतात आणि पावसाळा असेल तर नाणेघाटाचा उलटा धबधबा बघून रील टाकतात. माझं म्हणणं असं की ही सगळी एकाच गोष्टीची टोकं आहेत आणि ती तशी जोडून बघितली तरच मजा आहे. कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटातून वर यायचा, वर आला की जुन्नर, आणि या व्यापाऱ्यांच्या पैशातून आजूबाजूच्या डोंगरांत लेणी खोदली गेली. एका तालुक्यात दोनशेच्या वर लेणी आहेत, ती काय उगाच नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे निघायची वेळ. जुन्नर पुण्यापासून साधारण 95 किलोमीटर, पण खरा प्रश्न चाकणचा आहे. सहाच्या आत चाकण ओलांडलं तर पुढे खेड, मंचर, नारायणगाव बायपासने सुरसुर जाता, नाहीतर चाकणलाच तुमची सकाळ संपते. नाश्त्याला नारायणगावात मिसळ खा आणि गाडी आधी लेण्याद्रीकडे घ्या, शिवनेरीकडे नाही. 15 ऑगस्टला गडावर झेंडा, शाळेची पोरं, ग्रुप, सगळीच गर्दी असते, तो रविवारी सकाळी करा.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईंना जमत नसेल तर खाली डोलीवाले असतात, भाव आधीच ठरवून घ्या. मध्ये पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, त्यावर आमच्या मातोश्री 'देवाच्या दर्शनाला तिकीट कसलं' म्हणून शेवटच्या पायरीपर्यंत कुरकुरत होत्या. माकडं भरपूर, हातात पिशवी दिसली की गेलीच. वर सात नंबरच्या लेण्यात गिरिजात्मज, अष्टविनायकातला डोंगरावरचा एकमेव गणपती. पण दर्शन झालं की लगेच वळू नका. तो भला मोठा सभामंडप मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार, म्हणजे राहायची जागा होता, आत एकही खांब नाही, एवढं छत नुसतं कातळाच्या जोरावर उभं आहे, आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या 20 खोल्या आहेत. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून गणपतीचा गाभारा झालाय. हे एकदा कळलं की आई हात जोडून उभी आणि पोरगा खोल्या मोजत फिरतोय, असं दोघांचंही काम होतं.

शेजारचं सहा नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह, बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, तिथे बहुतेक लोक डोकावत सुद्धा नाहीत. खांबांच्या वर हत्ती, वाघ असे प्राणी कोरलेत आणि तिथे ब्राह्मी या जुन्या लिपीतला लेख आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं असं त्यात लिहिलंय. कल्याणचा माणूस! आता तो कल्याणहून इथपर्यंत कुठल्या वाटेने आला असेल? नाणेघाटाने. म्हणून म्हणतो आधी लेण्याद्री आणि मग नाणेघाट.

दुपारी जेवायला मासवडी आणि भाकरी. रस्सा तिखट असतो, पोरासाठी वेगळं सांगा. नंतर पाऊस उघडला असेल तर पाडळीजवळची तुळजा लेणी बघून घ्या, जुन्नरच्या अगदी जवळ. तिथला चैत्य गोल आहे, मधोमध स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. असा गोल चैत्य आपल्याकडे फारसा बघायला मिळत नाही. आम्ही होतो तेव्हा चिटपाखरू नव्हतं, आणि लाँग वीकेंडला अशी जागा मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला कळत असेलच. वाट मात्र निसरडी असते, आईंना गाडीत बसवा.

राहायचं म्हणाल तर रिसॉर्टच्या नादी लागू नका. त्या वीकेंडला एकाने फोनवर जो भाव सांगितला त्यात मेहुणा म्हणाला आपण विमानाने गोव्याला जाऊन येऊ. ओझरला आणि लेण्याद्रीला देवस्थानाचे भक्तनिवास आहेत, आधी तिथे विचारा, साधं असतं पण कुटुंबासाठी ठीक आहे. नाहीच मिळालं तर नारायणगावात हायवेच्या कडेला लॉज सापडतात. ओझरला राहिलात तर विघ्नेश्वराचं दर्शनही होऊन जातं, म्हणजे आईंचे अष्टविनायकातले दोन एकाच फेरीत.

शनिवारी पहाटे नाणेघाट. जुन्नरहून तीस-पस्तीस किलोमीटर, आपटाळे, चावंड करत घाटघरकडे. पेट्रोल जुन्नरलाच भरा, कॅश जवळ ठेवा, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. वाटेत एका बाजूला माणिकडोहचं पाणी आणि दुसरीकडे चावंडचा कातळ, आणि पूर गावात कुकडेश्वराचं जुनं मंदिर आहे, दहा मिनिटं तिथे थांबाच, कुकडी नदी याच भागात उगम पावते.

नाणेघाटात नऊच्या आधी पोचा. नंतर मुंबई-पुण्याच्या गाड्या, स्पीकर, कणसंवाले, गाडी लावायची मारामार. उलटा धबधबा हा वाऱ्याचा खेळ आहे, कोकणातून वर चढणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो, त्यामुळे वारा नसेल तर तो साध्या धबधब्यासारखाच खाली पडतो आणि धुकं असेल तर काहीच दिसत नाही, फक्त भिजायला होतं. आम्हाला तासभर पांढरं धुकं दिसलं, एक मिनिट कोकण दिसलं आणि परत धुकं. पोराला तेवढ्यातच आनंद. कड्याच्या टोकाला सेल्फी काढायला जाऊ नका, शेवाळावरून पाय सटकला तर धरायला काही नाही. पावसाळ्यात प्रशासन कधी कधी अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या.

पण माझ्या मते खरा माल धबधबा नाहीच. वर तो दगडी रांजण दिसेल, जकातीचा म्हणतात तो, त्याच्यासोबत फोटो काढून लोक परत फिरतात. तिथून दोन कातळांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने थोडं खाली उतरलं की उजेडात एक लेणं लागतं. वाटसरूंनी टेकायचं म्हणून आत कडेने बाक कोरलेत आणि भिंती भरून ब्राह्मी लेख आहे, इथे तेव्हा राज्य करणाऱ्या सातवाहनांची राणी नागनिका हिचा, दोन हजार वर्षं जुना. कुठले यज्ञ केले, अश्वमेध, राजसूय, आणि किती गायी, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी दान दिली याचा सगळा हिशोब आकड्यांसकट. आपल्या देशातले फार जुने लिहिलेले आकडे आहेत ते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते, त्यांची नावं वर अजून आहेत, सिमुक, नागनिका, सातकर्णी, पण खाली आता पावलांच्या खुणाच तेवढ्या उरल्यात. माझ्या पोराने विचारलं की बाकीचे कुठे गेले. मेहुण्याने सांगितलं जेवायला.

आईंना तो उतार झेपणार नाही, दगड ओले असतात. आमची आई वर टपरीत कणीस खात बसली आणि टपरीवालीशी तिची एवढी गट्टी जमली की निघताना तीच उठायला तयार नव्हती.

रविवारी शिवनेरी सकाळी लवकर. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, एकामागून एक दरवाजे लागत जातात, वाटेत शिवाई देवी, वर गंगा-जमुना टाकी, शिवजन्मस्थान, बदामी तलाव आणि टोकाला कडेलोट. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये शिवनेरीही आहे, त्यामुळे गर्दी अजून वाढणार. साखळी धरून कातळावरून चढायची दुसरी वाट आहे, ती पावसात अजिबात नको, कोणी कितीही 'सोपी आहे हो' म्हणालं तरी. आणि लेण्याद्री असो की शिवनेरी, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, अत्तर-स्प्रे मारून जाऊ नका, सिगरेट, धूर, आरडाओरडा काही नको.

परतीला दुपारी बारा-एकला निघा, चारनंतर चाकणला परत तीच रड. उशीर झालाच आणि अंधार पडला, तर उसाच्या कडेला गाडी थांबवून पोराला उतरवू नका. हा बिबट्याचा तालुका आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे एवढे ते इथे आहेत, पेट्रोल पंप येईपर्यंत दम धरायला सांगा.