बाल्कन म्युझिकचा ठेका कसा पकडायचा?

प्रश्न: ताई, युरोपातल्या शहरांमध्ये बाल्कन (म्हणजे आग्नेय युरोप) आणि जिप्सी म्युझिकचे फेस्टिव्हल होतात त्याचे व्हिडिओ लोकलमध्ये बघत असते, ट्रम्पेट सुरू झाले की पाय थांबत नाहीत पण ठेका काही सापडत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करू? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: अगं, आपला सात मात्रांचा रूपक ताल ऐकलायस ना, मग अर्धं काम झालंच. तिकडे सात आणि नऊ मात्रांचे ठेके सर्रास असतात, सातचा बऱ्याचदा ३-२-२ असाच मोजतात, फक्त लय इतकी फास्ट की मात्रा मोजत बसलीस तर गाणं निसटतं, म्हणून ३-२-२ मधल्या प्रत्येक गटाच्या नुसत्या पहिल्या ठोक्यावर टाळी दे. सुरुवात रोमानियाच्या फानफारे चोकर्लियापासून कर, एका छोट्या गावातल्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या वादकांचा बँड आहे, काय दम आहे त्यांच्या फुंकेत! मग सर्बियातल्या गुचा गावचे व्हिडिओ बघ, १९६१ पासून तिथे ट्रम्पेटचा मेळा भरतो. हे ब्रास बँड, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे बँड, ऑटोमन तुर्कांच्या काळातल्या लष्करी बँडांमधून आले आणि लग्नात वाजतात तसे अंत्ययात्रेतही वाजतात. आणि हो, रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेले, पुढे नाझींनी त्यांची लाखोंनी कत्तल केली, हेही वाच गं, नुसतं नाचून सोडू नकोस.