जर्मनसाठी घरात मराठी बंद?

कराडहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. मुलगी अकरावीला, जर्मनच्या ए-वनला, म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेला, शंभरपैकी ६८ गुण. 'ती मराठीत विचार करते म्हणून चुकते,' असं क्लासमध्ये कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तीन महिने घरात मराठी बंद, फक्त इंग्रजी. 'आजीशी तिचं बोलणं कमी झालंय, पण करिअरसाठी एवढं सोसायलाच हवं,' असं ते लिहितात.

साहेब, गुणांचं सोडा. ६० ला पास असतं. मला काळजी वाटते ती त्या आजीची, आणि पाणी मागायच्या आधीही मनात वाक्य जुळवत बसणाऱ्या तुमच्या लेकीची. ही बंदी आजच उठवा.

आणि मराठी आड येते हे तुम्हाला सांगितलं कुणी? शब्दांपुरती इंग्रजी जवळची, मान्य. हाउस (घर), ब्रोट (ब्रेड), वासर (वॉटर) चटकन ओळखू येतात (तिथेही फसगत आहेच, 'गिफ्ट' म्हणजे विष). पण वाक्याची घडण बघा. 'तो चित्रपट मला आवडतो', जर्मनमध्ये 'डेअर फिल्म गेफेल्ट मिअर'. कर्ता चित्रपट, 'मला' चतुर्थीत, थेट आपल्यासारखं. इंग्रजीतून गेलेली मुलं 'मी'ला कर्ता करून बसतात. आपलं 'ते मूल', त्यांचं 'दास किंट', दोन्ही नपुंसकलिंगी. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं; मराठी मुलीला त्यात नवल ते काय? शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्त्यांचीही धास्ती नसावी.

मराठी दगा देते ती साध्या वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं आणि आपली मुलं ते शेवटी ढकलतात. क्लासमध्ये बहुधा हीच चूक दिसली असावी. त्यावर उपाय म्हणजे वहीत दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी-शेजारी लिहून क्रियापदाखाली रेघ मारणं. लिंग मात्र दरवेळी उसनं घेता येत नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'झोने' स्त्रीलिंगी. शब्द 'डेअर-डी-दास'सकटच, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या उपपदासकटच, पाठ करावा.

पुढे ए-टू, बी-वन. जर्मन शिकायला पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. त्याची घाई नाही. चार पानांत मुलीला स्वतःला जर्मन का शिकायचंय, हे एकदाही आलेलं नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.